दोन तंगड्या आणि कानाचा तुकडा

न्हावी ओसरीवर वस्तरा परजत बसला होता आणि आई त्याला विचारत होती, “गणपा, गुळाचा चहा चालंल का रे? साखर मिळंना झालीय.”

“चालंल की बाई,” गणपा म्हणाला आणि वस्तऱ्याकडंच बघत राहिला. आईचे केस काढायला त्याला बोलावलं होतं. जिचं डोकं भादरायचं तिच्याच हातचा चहा प्यायचा, असा प्रसंग त्याच्यावर आधी कधी आला नसावा. आत पाटावर, जिथं भाद्रपदात गणपती बसायचा, तिथं अण्णांचा डाव्या पायाचा जोडा बसवला होता. शेजारी त्यांच्या उपरण्याचा फाटका अर्धा भाग, नीट घडी घालून. अण्णा म्हणजे माझे वडील. पिंगळी स्टेशनावर गोंधळ झाला, गोळ्या सुटल्या, माणसं पळाली, काही पडली, आणि अण्णांचं म्हणून एवढंच घरी आलं. एवढ्यावर थोरल्या काकांनी आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला मृत ठरवून टाकलं. काका निर्णय फार झटपट घेत. दुसऱ्याच्या बाबतीत.

अंगणात भटजींनी पळसाची पानं आणवून ठेवली होती. ज्याचा देह सापडत नाही त्याचा आमच्यात पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. पानं चांगली रुंद, टवटवीत होती. अण्णा उभ्या आयुष्यात इतके अंगानं भरलेले कधी नव्हते.

“यमे,” काका दारातून मला म्हणाले, “तुझ्या आईला सांग, चहापाण्याची ही वेळ न्हाई. लोक खोळंबलेत.”

थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे. ती पदर पुढं ओढून उभी राहायची, हा भिंतीकडं बघून बोलायचा, आणि मध्ये एखादं पोर असायचं. आमच्या घरात ते पोर मी. दोघं चार हातांवर उभे, दोघांचे कान शाबूत, तरी निरोप माझ्या तोंडून जायचा. मी आईकडं वळून म्हणाले, “आई, चहापाण्याची वेळ न्हाई.” आई म्हणाली, “काकांना सांग, गणपा लांबून आलाय.” गणपा शेजारच्या गल्लीत राहायचा.

काकांना एवढी घाई कशाची होती हे मला तेव्हाही कळत होतं. काकूला दमा. तिच्यानं चुलीपुढं बसवत नव्हतं. सोवळ्यात स्वयंपाक करणारी, एकदा जेवणारी, कुठं येणं-जाणं नसलेली बाई घरात हवी होती. अशी बाई विकत मिळत नाही. ती नवरा गेल्यावर आपोआप तयार होते, फक्त डोक्यावरून वस्तरा फिरवावा लागतो. लोक आता मला म्हणतात, आज्जी, जुन्या काळी घरं कशी भरलेली असायची. भरलेली असायची खरी. ती कशानं भरलेली असायची ते विचारत नाहीत.

या जोड्याचं सांगायचं तर आधी कानाचं सांगितलं पाहिजे.

अण्णा मास्तर होते. त्यांना मराठी येत होतं, संस्कृत येत होतं, आणि सरकारी शाळेत सगळं उर्दूत चालायचं, त्यामुळं शाळेत सगळ्यांत कमी काम अण्णांनाच होतं. वर्गात मुलांना उभं करायचं, बसवायचं. अशात त्यांना साहेब भेटले. साहेब समुद्रापलीकडचे, उंच, वाळलेले, पूर्णेला रूळांच्या कडेला मिशनच्या बंगल्यात राहायचे. आल्यागेल्या गाडीनं बंगल्याच्या काचा थरथरायच्या आणि त्यात बसून ते इब्री, म्हणजे हिब्रू भाषेतल्या जुन्या संदेष्ट्यांची पुस्तकं मराठीत आणत होते. मराठीत ती आधीच आलेली होती, पण त्या जुन्या भाषांतराचं मराठी साहेबांना इंग्रजी वाटायचं. साहेबांचं स्वतःचं मराठी कशासारखं वाटतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून त्यांनी अण्णांना पंडित म्हणून ठेवलं.

थंडीच्या दिवसांत साहेब आमच्याकडं यायचे. पिंगळी स्टेशनावर उतरायचे आणि चाँदभाईच्या छकड्यातून गावात यायचे. चाँदभाई आमच्या समोरच राहायचा. त्याच्या बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज वेशीपासून यायचा. तो ऐकला की आई पलंगावर धुतलेली चादर घालायची. आमच्या घरात पलंग एकच, आईच्या माहेरून आलेला, नवारीचा, चार जाड कोरीव पायांचा. साहेब त्यावर बसायचे, अण्णा खाली सतरंजीवर. साहेब गेले की आई त्याच पलंगावर गोमूत्र शिंपडायची. चादर घालणं आणि गोमूत्र शिंपडणं, दोन्ही ती मनापासून करायची. गावात बोलणारे बोलायचेच, की मास्तर बाटायलाय. त्यांना आई सांगायची, “बाटायला वेळ कुठाय त्यांना? दोघं मिळून चार दिवसांत एक ओळ लिहायलेत.”

काम असं चालायचं. साहेबांच्या कागदावर वरती इब्री ओळ असायची. ती अक्षरं उजवीकडून डावीकडं जायची, उर्दूसारखी, पण उर्दू नव्हे. तिच्याखाली एकेका शब्दाचा अर्थ. त्याखाली अण्णांचं मराठी. मग तो कागद माझ्याकडं यायचा. मुलींना चौथीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून मी घरीच होते. मी मोठ्यानं वाचायचे आणि आत आई भाकरी थापायची. साहेबांनी ही एक युक्ती काढली होती. आईची थाप चालू असली तर मराठी चाललं. थाप मध्येच थांबली तर तिथं काहीतरी अडलं, आणि साहेब पेन्सिलीनं त्या शब्दाखाली रेघ ओढायचे. असे कितीएक संदेष्टे आमच्या ज्वारीच्या पिठावरून गेले. दुपारी साहेबांना पानात भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी मिळायची. वर पाणी ओतायचं ते उंचावरून.

तर त्यात एक संदेष्टा मेंढ्या राखणारा होता. त्याचं नाव मला तेव्हाही नीट घेता यायचं नाही. त्याच्या एका ओळीनं आमच्या घरी पूर्ण हिवाळा काढला. ओळ अशी: सिंहाच्या तोंडातून मेंढपाळ जशा दोन तंगड्या नाहीतर कानाचा एक तुकडा वाचवतो, तसे शहरात पलंगाच्या कोपऱ्यात लोळत बसणारे हे लोक वाचवले जातील.

मी वाचलं आणि आतली थाप थांबली.

“काय अडलं?” साहेबांनी मला विचारलं. मी आत विचारलं. आई म्हणाली, “यमे, साहेबांना विचार, दोन तंगड्या आणि कान आणला तर वाचवलं काय?”

आमच्या भागात मेंढरं-शेळ्या राखायला दिल्या की प्रत्येक मालकाची कानाला वेगळी चीर असते. लांडग्यानं एखादं नेलं तर राखणारा तो चिरेचा कान मालकाला आणून दाखवतो, की बघा, मी विकली न्हाई, खाल्ली न्हाई, लांडग्यानं नेली. कान आणला नाही तर मालक त्याच्यावरच डाफरतो. हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत. अण्णांनी तेच साहेबांना सांगितलं आणि साहेब म्हणाले, “मला ठाऊक आहे, पंडितजी. त्यांच्या नियमशास्त्रातही असेच लिहिले आहे. परंतु शब्द ‘वाचवणे’ हाच आहे. जिथे देव आपल्या लोकांना गुलामीतून सोडवतो, तिथेही हाच शब्द आहे. मी तो कसा बदलू?”

“बदलू नका,” अण्णा म्हणाले. “पण समजून तर घ्या. हा टोमणा हाय. तुमी असेच वाचाल जशी ती शेळी वाचली, असं म्हणायलाय तो.”

“देव टोमणे मारीत नाही,” साहेब म्हणाले.

आतून आवाज आला, “यमे, विचार त्यांना, मग एवढी लेकरं त्यानं वळणाला लावली कशी?”

साहेब लाल झाले. अण्णा हसू दाबायला पाणी प्यायले. साहेबांचं म्हणणं असं, की यात आशा आहे. सगळं जात नाही, थोडं का होईना काहीतरी मागं उरतं, आणि जे उरतं त्यातून देव पुन्हा सुरुवात करतो. अण्णांना ‘पुरावा’ हा शब्द कुठंतरी घालायचा होता. आणि आईचं एकच पालुपद, “कान आला म्हणजे शेळी गेली. कानाला काय पाणी पाजायचंय?” चाँदभाई छकड्याजवळ लिंबाखाली बसून हे ऐकायचा. तो एकदा म्हणाला, “मास्तर, ते समदं ऱ्हाऊ द्या. शेराच्या तोंडात हात घालणारा मेंढका कुठला ते सांगा. आमच्या हितला तर आधी पळंल.” साहेबांनी तेही पेन्सिलीनं लिहून घेतलं. साहेब सगळं लिहून घ्यायचे. ऐकायचे की नाही ते निराळं.

पुढचा पलंगाचा भाग तर आणखी बिकट होता. त्यात एक असा शब्द होता की त्याचा अर्थ जगात कुणालाच माहीत नव्हता. साहेबांच्या पेटीत जितकी पुस्तकं, तितके अर्थ. कुणी म्हणे ते शहराचं नाव, कुणी म्हणे रेशमी कापड, कुणी म्हणे पलंगाचा पाय. अण्णांनी कंटाळून ‘पलंगाचा कोपरा’ लिहिलं आणि त्याखाली स्वतःच रेघ ओढली, पुन्हा बघायचं म्हणून. ही रेघ पुढं आम्हाला चांगलीच भोवली.

मग ते वाईट वर्ष आलं. रस्त्यावर बंदूकवाले फिरायला लागले. काही सरकारचे, काही सरकारचे नसलेले पण सरकारपेक्षा जास्त माज असलेले. आणि त्यांच्याविरुद्ध लपूनछपून काम करणारी आपली पोरं. साहेबांचं आमच्याकडं येणं बंद झालं. त्यांनी निरोप पाठवला, की पंडितजींनी सगळे कागद घेऊन पूर्णेला यावं, त्या ओळीचा निकाल लावू. आई म्हणाली, “अडीच हजार वर्षं थांबलीय ती ओळ. आणखी दोन महिने थांबंल की.” अण्णा म्हणाले, “माझ्या पिशवीत संदेष्टे हायत. मला कोण काय करणार?” संदेष्ट्यांचं स्वतःचं काय झालं होतं ते अण्णांनी लिहिलेल्या कागदातच होतं, पण ते त्यांना त्या सकाळी आठवलं नाही. आईनं धपाटे आणि चटणी फडक्यात बांधून दिली. चाँदभाईनं छकडा जुंपला.

चाँदभाई दुसऱ्या दिवशी परतला. घुंगरांचा आवाज आला तेव्हा आई दारात गेली. छकडा रिकामा होता. चाँदभाई उतरून अंगणाच्या बाहेरच उभा राहिला. दोन्ही हातांत जोडा, जसा प्रसाद धरतात तसा.

“बाई,” तो म्हणाला, “मी मास्तरला टेशनात सोडलं आन बैलाला पानी पाजायलो, तवर गोळ्या सुटल्या. पळापळ झाली. नंतर म्या तिथं पडलेल्या एकेकाचं तोंड बघितलं. मास्तर त्यांच्यात न्हाई. रातभर धुंडलं, पर सापडलं बी न्हाई. हे घावलं. म्या बघितलं तेवढंच सांगायलोय. बघितलं न्हाई ते मला सांगता यायचं न्हाई.”

थोरले काका तोवर आलेच होते. चाँदभाईच्या समोर ते मला म्हणाले, “गोळ्या झाडणारे कुणातले होते म्हणावं? ह्याच्यातलेच ना? हा खरं कशाला सांगंल?” चाँदभाईनं ऐकलं. त्यानं जोडा उंबऱ्यावर ठेवला, उपरण्याचा तुकडा त्यावर ठेवला आणि बैल सोडायला गेला.

काकांनी जोडा पाटावर ठेवला आणि आम्ही सुतक धरलं. आणि मग तो दिवस उजाडला, गणपाचा आणि पळसाच्या पानांचा.

गणपानं चहा संपवला. कप पालथा ठेवला. आता काही कारण उरलं नाही. काका म्हणाले, “यमे, तुझ्या आईला सांग, अंगावरची वस्तू घरी आली म्हणजे माणूस गेला. ह्यात आता विचार करण्यासारखं काय राह्यलंय?”

आई गणपाचा पालथा कप उगाच पुसत राहिली. मला ते बघवेना. मला वाटलं, हिला आठवण करून द्यावी, म्हणजे काहीतरी बोलेल. मी म्हणाले, “आई, तूच म्हणायचीस ना. कान आला म्हणजे शेळी गेली.”

भटजी माझ्याकडं बघायला लागले. शेळी कुठून आली त्यांना कळेना. आईनं मात्र डोक्यावरचा पदर मागं सारला आणि जन्मात पहिल्यांदा थोरल्या दिराच्या तोंडाकडं बघून, मला मध्ये न घालता, बोलली.

“कान कापल्याशिवाय निघत न्हाई,” ती म्हणाली. “जोडा निघतो. पळताना कुणाचाबी निघतो. उपरणं कशातबी अडकून फाटतं. मला ह्यांच्या अंगाचं काही दाखवा. नखाएवढं दाखवा. मी इथं बसते, गणपा काढंल केस. न्हाईतर भटजींना विचारा, बेपत्ता माणसासाठी किती वर्षं थांबायचं शास्त्र हाय.”

भटजी खाली बघून म्हणाले, “बारा.”

“गणपा,” आई म्हणाली, “बारा वर्षांनी येशील ना?”

“येईन की बाई,” गणपा म्हणाला. एवढा हलका झालेला माणूस मी पुढं फारसा बघितला नाही. धोपटी काखेला मारून तो वेशीच्या पलीकडं जाईपर्यंत थांबला नसावा. काकांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं, की आजपासून ह्या घरचं पाणी बंद. दीड दिवसात पाणी काय, सावलीसुद्धा बंद झाली. एकटा चाँदभाई विहिरीवरून येताना विचारून जायचा, “बाई, काय लागतंय का?” त्याच्या हातचं पाणी आम्हाला चालत नव्हतं आणि ज्यांच्या हातचं चालत होतं ते देत नव्हते.

पळसाची पानं अंगणातच राहिली होती. आईनं ती सावलीत घेतली आणि चोया तोडून पत्रावळी लावल्या. चांगला गठ्ठा झाला. पुढं बरेच दिवस आम्ही अण्णांवर जेवत होतो.

मी आईला रडताना बघितलं नाही. लोक लिहितात, की आई माझी रात्र रात्र उशी भिजवायची वगैरे. आमची आई पहाटे उठायची, जातं ओढायची आणि जात्यावर काही म्हणायची नाही. पूर्वी म्हणायची. एवढाच फरक. कुंकू रोज लावायची. विहिरीवर बायका तिच्या कपाळाकडं बघायच्या आणि बाजूला सरायच्या, आणि ती म्हणायची, “सरका, बरं झालं, घागर लवकर भरंल.” पण घरात आली की आधी त्या पाटाकडं बघायची. जोडा तिनं तिथून हलवला नव्हता.

मग एके सकाळी पोलीस आले. अमीन, म्हणजे ठाण्याचा फौजदार, पुढं, चार-पाच शिपाई मागं. अमीन तरुण होता, इस्त्रीचे कपडे, हातात कागद. मी कागद लगेच ओळखला. वरती इब्री ओळ, खाली अण्णांचं अक्षर. गल्लीतली सगळी दारं आतून बंद झाली. फक्त चाँदभाई येऊन आमच्या ओसरीच्या पायरीशी उभा राहिला.

“पलंग कहाँ है?” अमीननं विचारलं.

आईला वाटलं बसायला मागतोय. तिनं बोट दाखवलं. शिपायांनी पलंग ओढून अंगणात आणला, उलटा केला आणि कुऱ्हाडीनं चारही कोपरे फोडायला सुरुवात केली. कोपऱ्यांतून भुसा निघाला आणि ढेकूण निघाले. काही साहेबांच्या वेळचे असतील. अमीन वाकून एकेका कोपऱ्यात बघत होता. मग तो घाम पुसत आईकडं आला आणि त्यानं कागद तिच्यापुढं धरला.

“ये कौनसी ज़बान है? उर्दू नहीं, अरबी नहीं, फ़ारसी नहीं. सीधे हाथ से चलती है और पढ़ी नहीं जाती. और नीचे मराठी में क्या लिखा है? शेर का मुँह. दो टाँगें. कान का टुकड़ा. और पलंग का कोना, उसके नीचे लकीर. शेर कौन है? सरकार को शेर बोल रहे हो? गड़रिया कौन है, किसके लोग छुड़ाने आ रहा है? और कोने में क्या रखा है?”

आता मी सांगते तेव्हा पोरं हसतात. तेव्हा मी आईचा पदर धरून उभी होते. सरकारनं आमच्या संदेष्ट्याला इतकं मनापासून वाचलं होतं, जितकं मिशननंसुद्धा वाचलं नसेल.

“हमने उससे भी पूछा,” अमीन वैतागून म्हणाला, “शेर कौन है. तो बोलता है, शेर खुदा है. तौबा! मैंने कहा, पलंग का बता. तो बोलता है, साब, उस लफ़्ज़ पर आलिमों में बड़ा झगड़ा है.”

आई भिंतीला टेकली. “असं म्हणाले?” तिनं विचारलं. “कधी?”

“कब क्या? रोज़ बोलता है. परसों भी बोला, कल भी बोला. मार खाता है और समझाता है. चुप ही नहीं होता.”

आईनं माझा दंड असा धरला की तिची बोटं उमटली. “यमे,” ती म्हणाली, “तेच हायत. दुसऱ्या कुणाला एवढं बोलवणार न्हाई.”

अंगणात तिच्या माहेरच्या पलंगाचं सरपण पडलेलं होतं. ती त्यातून वाट काढत चुलीकडं गेली आणि वळून म्हणाली, “अमीनसाब, चहा घ्याल का? गुळाचा हाय.” अमीननं तिच्याकडं अशी नजर टाकली की ही बाई कामातून गेलीय. चहा न घेता ते गेले. पलंगाचा एक पाय तेवढा धड राहिला. तो अजून माझ्याकडं आहे, दाराला मागून लावायला बरा पडतो.

संध्याकाळी थोरले काका आले. म्हणाले, “यमे, तुझ्या आईला सांग, मला आधीपासूनच वाटत होतं, तो असा जायचा न्हाई.”

अण्णा परभणीच्या तुरुंगात होते. चाँदभाईनं ते शोधून काढलं. पहिल्यांदा तो पूर्णेला साहेबांकडं गेला, साहेब काही करतील म्हणून. साहेबांनी मोठी चिठ्ठी दिली. आम्ही सर्वजण प्रार्थनेत आहोत, वरिष्ठांना कळवले आहे, आणि कागद शक्य तर सुरक्षित ठेवावेत. शेवटी लिहिलं होतं, की बराच विचार करून मी ‘वाचवतो’ हाच शब्द कायम केला आहे. आईनं ती चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली आणि चुलीत घातली. म्हणाली, “भाकरीला तेवढाच जाळ.” मग दर आठवड्याला ती भाकरी बांधून द्यायची आणि चाँदभाई ती परभणीला न्यायचा. नाक्यावर त्याचं नाव विचारून त्याला सोडायचे, आमच्यातल्या कुणाला सोडलं नसतं. परत येऊन तो उंबऱ्याबाहेर उभा राहायचा आणि सांगायचा, “आज म्या डोळ्यांनी बघितलं. दोन दात पडलेत. बोलायलेत.” तेवढंच सांगायचा. जे बघितलं तेवढं.

मग फौज आली, हैदराबादचं राज्य गेलं, तुरुंग उघडले. अण्णांना घेऊन येणारा छकडा चाँदभाईचाच. घुंगरं वेशीपासून ऐकू आली आणि त्या दिवशी गल्लीतली सगळी दारं उघडी होती. अण्णा उतरले ते अनवाणी. इतके वाळलेले, की पळसाचे झाले असते ते बरे दिसले असते. आईनं त्यांच्या पायावर पाणी घातलं आणि पाटावरचा जोडा पुढं केला. “घ्या,” ती म्हणाली, “ह्याच्यावर माझं डोकं वाचलं.” अण्णांनी विचारलं, “दुसरा कुठाय?” आई म्हणाली, “तो तुमी आणणार होता.” मग अण्णा जेवायला बसले आणि पहिल्या घासाला म्हणाले, “त्या ओळीचं मला आता कळलं.” आई म्हणाली, “आधी जेवा.”

चाँदभाई उंबऱ्याबाहेर होता. आईनं त्याला आत बोलावलं, ओसरीवर बसवलं आणि पत्रावळीवर वाढलं. त्याच पत्रावळी. काका बघत होते. त्या दिवशी त्यांनी काही बंद केलं नाही.

पण वारं फिरलं होतं. इतके दिवस जे दाराआड होते त्यांच्या हातात आता काठ्या, कुऱ्हाडी आल्या. ज्यांनी गोळ्या झाडल्या ते केव्हाच हैदराबादेला पळाले होते. मागं राहिले ते छकडेवाले, पिंजारी, अत्तार. शूर लोकांना ते पुरले. चाँदभाईला अण्णांनी सांगितलं, चार दिवस आमच्या घरात राहा. तो म्हणाला, “मास्तर, मला समदे वळखतात.” एका बाईला पिंगळीच्या गाडीला सोडायचं होतं. पाय भारी होते तिचे, माहेरी जायलेली. तो छकडा जुंपून गेला.

छकडा आला नाही. बैल आला नाही. अण्णा त्याच रस्त्यानं गेले, चालत, नुकत्याच घेतलेल्या नव्या जोड्यानं पायाला फोड येऊन. ओढ्यात, बांधावर, जिथं कुणी पडलेलं होतं तिथं एकेकाचं तोंड बघत गेले. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी परत आले. ती बाई माहेरी पोचली होती. तिनं मागाहून कळवलं, स्टेशनाच्या अलीकडं त्यानं मला उतरवलं आणि म्हणाला, ताई, इथून चालत जा, माझ्यासंगं दिसू नका. थोरले काका म्हणाले, “गेला असंल पळून. त्यांच्यातले बरेच गेले.”

हलिमा, चाँदभाईची बायको, आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिच्या हातात बांगड्या होत्या. ती आईला म्हणाली, “भाभी, तुमचा तर जोडा आला होता. माझं कायच न्हाई आलं. मी काय करू, थांबू का?”

आमच्या आईकडं सगळ्यांना द्यायला उत्तर असायचं. देवाला होतं, साहेबाला होतं, अमीनला होतं. हलिमाला तिनं हाताला धरून ओसरीवर बसवलं आणि तिच्याजवळ नुसती बसली. दिवेलागण झाली तरी दोघी बसल्याच होत्या. हलिमा पुढं मरेपर्यंत आमच्या समोरच राहिली आणि शेवटपर्यंत तिच्या हातात बांगड्या होत्या.

साहेबांचं पुस्तक छापून आलं. त्यांनी एक प्रत अण्णांना पाठवली. ती ओळ मी काढून बघितली, आता चष्मा लावूनही मधूनमधून बघते. ‘वाचवतो’ असंच छापलंय. पलंगाच्या शब्दाखाली बारीक अक्षरात लिहिलंय, की मूळ अर्थ अनिश्चित. अण्णांचं नाव कुठं नाही.

थोरले काका जगले, ते तर जगणारच होते. साहेब आपल्या देशात जाऊन म्हातारे होईपर्यंत जगले. अण्णा जगले. आई जगली, केसांसकट. मी जगले. चाँदभाई जगला नाही.